पाच ग्लास आणि एक नाक

मंगळवार, ३ मार्च. सकाळी ७.२०

सर्दी गेली. अधिकृतपणे. रात्रभर एक शिंक नाही, रुमाल कोरडा ठणठणीत. दोन आठवडे छळलं, पण शेवटी जिंकलो मीच. वास अजून पूर्णपणे कामावर रुजू झालेले नाहीत, पण रजेवरून आलेला माणूससुद्धा पहिल्या दिवशी जरा आळसावलेलाच असतो.

चहा नुसता गरम पाण्यासारखा. हिने पावडर बदललेली दिसते. बोललं पाहिजे.

संध्याकाळी ६

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. शनिवारी, १४ तारखेला, ब्रूअरीच्या वरच्या हॉलमध्ये डिनर. चाळीस पाहुणे, पाच पदार्थ, प्रत्येक पदार्थाबरोबर आपली एक बिअर. कुठली बिअर कशाबरोबर आणि का, हे माइकवर सांगणार मी. अकरा हॉटेलं असलेल्या एका कंपनीच्या खरेदीप्रमुख बाई येणार आहेत. त्यांना पटलं तर त्यांच्या हॉटेलांत आपली बिअर. नाही पटलं तर दुसरी पाळी बंद करावी लागेल, असं मालक म्हणाले. दुसऱ्या पाळीत नऊ माणसं आहेत.

मालक म्हणाले, सगळं तुमच्या नाकावर आहे. मी म्हटलं, निश्चिंत राहा. एकोणीस वर्षं इथली प्रत्येक टाकी माझ्या नाकाखालून गेली आहे. घरी येईपर्यंत पाच जोड्या ठरवूनसुद्धा झाल्या.

बुधवार, ४ मार्च

दहा वाजता नेहमीची फेरी. प्रत्येक टाकीतून एक ग्लास घ्यायचा, बघायचा, हुंगायचा, घोट घ्यायचा, रजिस्टरमध्ये ‘पास’ लिहून सही. माझ्या सहीशिवाय एक थेंब पुढे जात नाही. चौथ्या टाकीत गव्हाची बिअर. तीनदा हुंगली. शांत, संयमी वाटली.

आमच्या ब्रूमास्टर (बिअर बनवण्याचं सगळं त्यांच्याकडे, दोन वर्षं झाली त्यांना, मी मनात मास्टरीणबाई म्हणतो) म्हणाल्या, सर, लोण्यासारखा वास येतोय का तुम्हाला? मी म्हटलं, छे. त्यांनी पुन्हा हुंगलं. म्हणाल्या, मला येतोय, म्हणजे बिअर अजून कच्ची आहे, चार दिवस थांबू या का? मी म्हटलं, नवीन नाकं फार हळवी असतात. पास. सही. त्या सहीकडे बघत राहिल्या. माणसाचा अनुभव काहींना बघवत नाही.

घरी ही कांदा चिरत होती. मुद्दाम शेजारी जाऊन उभा राहिलो. डोळ्यांतून घळाघळा पाणी! नाक शाबूत असल्याचा याहून मोठा पुरावा कुठला? उगाच घाबरलो होतो.

घाबरलो नव्हतो.

शुक्रवार, ६ मार्च

दोन दिवसांपासून लोक माझ्यापासून चार हात लांब उभे राहतात. डिनरची जबाबदारी आल्यापासून वचक वाढलाय. आफ्टरशेव्हची बाटली मात्र आठवड्यात अर्धी झाली. गळत असावी.

दुपारी शेफबरोबर ट्रायल. त्याने चीजचं सूप दोन बोलमध्ये आणलं. एकात आपली पेल एल बिअर घातलेली, एकात नाही. कशात आहे सांगा, म्हणाला. दोन्हींतून दोन-दोन चमचे घेतले. डोळे मिटले. (हुंगताना डोळे मिटायची माझी पद्धत सगळ्यांना माहीत आहे.) म्हटलं, पहिल्यात, सातूच्या माल्टची चव खोलवर जाणवते. शेफ म्हणाला, पहिल्यात नाहीये. मी म्हटलं, म्हणजे दुसऱ्यात जास्त झाली आणि त्यामुळे दबली. शेफ डोकं खाजवत आत गेला. कौतुक करावं तर पुरेना, चूक दाखवावी तर यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

मग स्टाउट बिअर घातलेला चॉकलेट केक. गोड आहे आणि किंचित कडू आहे, एवढं जिभेने कळवलं. बाकी रिपोर्ट आला नाही. उत्तम, म्हणालो.

संकल्प: ‘उत्तम’ हा शब्द कमी वापरायचा. आज अकरा वेळा झाला.

शनिवार, ७ मार्च. सकाळी

नवी पद्धत सुचली. लोक नाकाचं फार स्तोम माजवतात. बिअर म्हणजे रंग, फेस, कडूपणा आणि बुडबुडे. चार खांब. या चारांवर कुठल्याही बिअरची इमारत उभी राहते, नाक म्हणजे वरची नक्षी. एकोणीस वर्षांत हे सुचलं नाही याचं आश्चर्य वाटतं. नाकाने कांदे सोलणाऱ्यांचा जमाना गेला.

आणि नक्षी लागलीच, तर माझ्या जुन्या नोंदवह्या आहेत. रेड एल: भाजलेली साखर, बदाम. पेल एल: संत्र्याची साल. गव्हाची: केळं आणि लवंग. धुरकट काळी: शेकोटी, ओलं लाकूड. स्टाउट: कॉफी. बिअर तीच, नाक तेच, शब्द तयार. पाठ करायला घेतलं.

रविवार, ८ मार्च. दुपारी १

घरीच बिअर ब्रेड करून बघितला. पिठात रेड एल ओतली, ओव्हनमध्ये टाकला आणि समोर स्टुलावर बसून भाषण पाठ करत होतो. ही बाहेरच्या खोलीतून धावत आली. ब्रेडचा कोळसा. मी ओव्हनपासून दोन फुटांवर. तिने विचारलं, अहो, वास नाही आला? मी म्हटलं, एकाग्रता. ती म्हणाली, धन्य आहे तुमची. आणि हसली. रागावली नाही.

एकूणच ही सध्या खुशीत असते, स्वयंपाक करताना गुणगुणते. डिनरची उत्सुकता. वास्तविक तिचं नुकसान होतंय. बावीस वर्षं जेवताना मी तिला मार्गदर्शन करत आलो: लसूण कच्चा राहिला, तेल जुनं आहे, कालची भाजी आजच्यात मिसळली आहे. मला सगळं कळायचं. सध्या व्याप मोठा, म्हणून मार्गदर्शन स्थगित. मुकाट जेवतो. तिची प्रगती खुंटेल, पण इलाज नाही.

मंगळवार, १० मार्च

आजचं सविस्तर लिहायचंय.

मास्टरीणबाईंनी मालकांच्या समोर टेबलावर तीन ग्लास मांडले. काळे, आतलं काही दिसू नये असे. दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कुठली ते ओळखायचं. म्हणाल्या, डिनरच्या आधी ही चाचणी सगळ्यांचीच घेतेय सर, सकाळी मीही दिली. मालक हाताची घडी घालून उभे. दारात दुसऱ्या पाळीतले दोघं, पाळी सुरू व्हायच्या आधीच येऊन थांबलेले. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

काळ्या ग्लासात रंग दिसेना. फेस मोडलेला. चार खांबांतले दोन तिथेच कोसळले. पहिला हुंगला: काही नाही. दुसरा: काही नाही. तिसरा: काही नाही. परत पहिला. घोट घेतले, तिन्ही सारखेच कडू. मानेवरून घाम पाठीत उतरत होता. दारातल्या दोघांपैकी एकाने टोपी काढून हातात घेतली.

मधला, म्हणालो.

बरोबर निघाला. मालकांनी टाळी वाजवली. दारातले दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि कामाला गेले. मास्टरीणबाई म्हणाल्या, ही चाचणी निदान तीनदा घेतात, एकदा अंदाजानेही जमतं. मी म्हटलं, एकदा सिद्ध झालं की पुन्हा पुन्हा काय सिद्ध करायचं? मालक हसले. त्या हसल्या नाहीत.

अंदाज नव्हता. अनुभव होता. मधलाच का म्हणालो हे मला सांगता येणार नाही, पण अनुभव असाच असतो.

बुधवार, ११ मार्च. सकाळी ६.४५

कपाटातला बाम उघडून हुंगला. नाकात गार गार! आला, वास आला! कसला ते सांगता येईना, पण आला. मग कॉफीचा डबा उघडला. मग साबण. मग हिची उशी.

उशीत बराच वेळ नाक खुपसून बसलो. काही नाही. रिकामं. तो वास मला कधी शोधावा लागला नव्हता, तो असायचाच.

भीती वाटली. लिहून टाकतो म्हणजे जाईल. भीती वाटली.

डॉक्टरकडे जायचं ठरवलं आहे, पण १४ नंतर. आधी गेलो तर ते काहीतरी सांगतील.

गुरुवार, १२ मार्च

मास्टरीणबाई पुन्हा चौथ्या टाकीवर. लोण्याचा वास वाढलाय म्हणाल्या, ही बिअर डिनरला नको. मी म्हटलं, माझ्या सहीवर शंका असेल तर लेखी द्या. त्यांनी खरंच कागद आणला. मीही त्यांच्या नाकावर टिच्चून खाली सही ठोकली, तारीख-वेळेसकट.

क्रम पक्का. तळलेला मासा, त्याच्या पिठात गव्हाची बिअर आणि ग्लासातही तीच. चीज सूपबरोबर पेल एल. भाजलेल्या चिकनबरोबर रेड एल. बिअर ब्रेडवर मश्रूम, त्याबरोबर धुरकट काळी. शेवटी केक आणि स्टाउट. भाषण तोंडपाठ.

शुक्रवार, १३ मार्च

आरशासमोर दोनदा तालीम. चांगली झाली. आरशाने एकही शंका काढली नाही.

शनिवार, १४ मार्च. संध्याकाळी ५.४०

हॉल सजलाय. माइकची वायर आखूड निघाली, त्यामुळे मला किचनच्या झुलत्या दाराला पाठ करून उभं राहावं लागणार. हरकत नाही, सगळ्यांना दिसेन. खरेदीप्रमुख बाई आल्या. राखाडी जॅकेट, बारीक केस, दुसऱ्या टेबलावर. हसत नाहीत. वही आणलीय. दुसऱ्या पाळीतली चौघं वाढपी म्हणून उभी आहेत, पांढरे शर्ट घालून. माझ्याकडे बघून मान हलवतात.

रविवार, १५ मार्च. सकाळी ११

झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे चूक कुणाची ते स्पष्ट होईल.

मासा आला, गव्हाची बिअर आली. डोळे मिटून म्हटलं, केळं शोधा आणि त्याच्यामागे लवंग. चाळीस नाकं ग्लासात. एक दाढीवाले गृहस्थ ओरडले, केळं! टाळ्या. सूपला संत्र्याची साल सापडली. चिकनला भाजलेली साखर सापडली. एका बाईंना मी न सांगितलेला आल्याचा वाससुद्धा सापडला. मी बोलेन ते त्यांना मिळत होतं. खरेदीप्रमुख बाई लिहीत होत्या. मालकांनी लांबून खुशीत अंगठा उंचावला. मला वाटलं, झालं, जिंकलो. नाकाची गरजच काय होती इतकी वर्षं?

मग मश्रूम आणि धुरकट काळी. म्हटलं, आता सगळ्यांनी डोळे मिटा आणि धूर शोधा. लांबची शेकोटी आहे. घाई नको. आधी कुणाला सापडेना. मग पुढच्या टेबलावरून आवाज आला, येतोय! मग दुसरीकडून, हो हो, येतोय! कुणीतरी म्हणालं, अफाट आहे हे. मी म्हटलं, अजून खोल श्वास घ्या.

खरेदीप्रमुख बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, काहीतरी जळतंय. मी म्हटलं, अगदी बरोबर, मॅडमनी नेमकं पकडलं! बसा, दुसऱ्या घोटाला तो आणखी वाढेल. त्या म्हणाल्या, नाही, खरंच जळतंय. मी म्हटलं, इतकंच खरं वाटलं पाहिजे, तीच तर या बिअरची गंमत. लोक हसले. उठलेले दोघं-तिघं परत बसले. माझे डोळे चुरचुरत होते, घसा दाटला होता. मला वाटलं, भरून आलंय. एकोणीस वर्षांचं चीज झालं म्हणून भरून आलंय.

मग अलार्म वाजला.

शेफ केक आणायला कोल्ड रूममध्ये गेला होता. शेगडीच्या कडेला ठेवलेल्या नॅपकिनच्या गठ्ठ्याने पेट घेतला. तो परत आला तेव्हा शेजारची फळीही पेटली होती. घाईत त्याने हाताने गठ्ठा ओढला. मास्टरीणबाई खालून अग्निशामक सिलिंडर घेऊन धावत आल्या आणि त्यांनी विझवलं. वाढपी झालेल्या चौघांनी पाहुण्यांना जिन्याने खाली नेलं. शेफचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय. दोन मिनिटं आधी कुणी दार ढकललं असतं तर नुसते नॅपकिन जळले असते. दाराला सगळ्यांत जवळ मी होतो. हात मागे केला तर लागेल इतकं जवळ.

पाहुण्यांपैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या शांत आवाजामुळे चेंगराचेंगरी टळली, असं म्हणता येईल. सकाळपासून म्हणून बघतोय. जमत नाही.

सोमवार, १६ मार्च

आधी दवाखान्यात गेलो. शेफ कॉटवर बसला होता, हाताला जाड पट्टी. पंधरा दिवसांत बरा होईल म्हणाला, बोटं हलवून दाखवली. मग म्हणाला, सर, सूपच्या दिवशीच मला शंका आली होती, पण तुम्हाला कसं विचारायचं? मी सॉरी म्हटलं. एकोणीस वर्षांत ब्रूअरीतल्या कुणालाही म्हटलं नव्हतं. तोंडात नवाच शब्द आल्यासारखं झालं.

मग केबिन. मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही दोन शब्द सुनावून बाहेर पडलो असतो. त्यांनी फक्त विचारलं, कधीपासून? मी म्हणणार होतो, कसलं कधीपासून? तोंडातून आलं, सत्तावीस दिवस. हा आकडा मी मोजत होतो हे मलाच माहीत नव्हतं.

चौथी टाकी मास्टरीणबाईंनी शुक्रवारीच बंद केली होती. शनिवारी ग्लासात होती ती आधीच्या बॅचची. म्हणजे माझ्या दोन सह्यांखालची बिअर कुणी प्यायलंच नाही. नशीब. खरेदीप्रमुख बाईंना त्यांनीच काल परत बोलावलं, खाली टाकीशेजारी पाचही ग्लास समोर ठेवले आणि गप्प उभ्या राहिल्या. बाईंनी अकरा नाही, पण तीन हॉटेलांना होकार दिला. दुसरी पाळी वाचली. एक शब्दही न बोलता वाचली.

उद्यापासून रजिस्टरवर सही मास्टरीणबाईंची. मी लेबल विभागात. तात्पुरतं, असं मालक म्हणाले. बाहेर पडताना मी मास्टरीणबाईंचे आभार मानले. त्या म्हणाल्या, सर, आधी सांगितलं असतंत तर मीच तुमचं नाक झाले असते. उत्तम, म्हणालो.

मंगळवार, १७ मार्च. संध्याकाळी ७

काल घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, कळवळेल. तिने विचारलं, म्हणजे इतके दिवस तुम्हाला माझ्या हातच्या जेवणाची चवच कळत नव्हती? म्हटलं, नाही. तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, अगं रडू नकोस, होईल सगळं ठीक.

ती म्हणाली, तुमच्या नाकासाठी नाही रडत. बावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही खोड न काढता जेवत होतात. मला वाटलं, आवडायला लागलंय. ताईला फोन करून सांगितलं मी, हे बदलले म्हणून. इतके दिवस ताट वाढताना हात थरथरला नाही माझा.

हात थरथरायचा, हे मला माहीत नव्हतं. कच्चा लसूण मला खोलीच्या पलीकडून कळायचा.

आज डॉक्टरकडे गेलो. त्यांनी नाकात दिवा घालून बघितलं, चार कुप्या हुंगायला दिल्या, मग म्हणाले, काळजी करू नका, सर्दीनंतर होतं असं, दोन-तीन महिन्यांत नाक पूर्ववत होईल.

घरी आलो तेव्हा पानं वाढलेली होती. हिने विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? म्हटलं, काही सांगता येत नाही म्हणाले. आणि भाजी आणखी मागून घेतली.